पांढरीवरच्या वस्तू आणि एक नोंदवही

अण्णांच्या मागे नेमक्या किती वस्तू राहिल्या, हे आम्हाला कळायला चौदा महिने लागले. शेवटी आकडा निघाला १,१८६. त्यांत ४१२ नाणी, ५३० मणी, भाजक्या मातीच्या ५७ मूर्ती आणि मूर्तींचे तुकडे होते. उरलेल्यांत शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, खापरे, दगडी पाटे, वजने, हस्तिदंताच्या दोन काड्या आणि एका शिंगाने अधू झालेला एक बैल होता. या वस्तू आता आमच्या जुन्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मांडलेल्या आहेत आणि शनिवार-रविवारी त्या कोणालाही पाहता येतात. खासगी संग्रहातून असे लहान संग्रहालय उभे राहताना काय काय करावे लागले, ते मी येथे लिहिते आहे. हे काम करू पाहणारी आणखी काही घरे मराठवाड्यात आहेत, आणि आमच्या चुकांचा त्यांना उपयोग होईल असे वाटते.

आमचे गाव तेरणेच्या खोऱ्यात, तेरपासून फार लांब नाही. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचा उल्लेख येतो, आणि तगरहून साधे कापड व मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असल्याचेही तो सांगतो. त्यामुळे आमच्या पंचक्रोशीत जुन्या वस्तीची पांढर नसलेले गाव विरळाच. काळीत पीक आणि पांढरीत माणूस, ही आमच्याकडची जुनी विभागणी. घरे पडतात, त्यांवर नवी बांधली जातात, राख आणि राडा साचत राहतो आणि शेकडो वर्षांनी त्याची टेकडी होते. हीच चिकण पांढरी माती माळवदावर घालण्यासाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या गाड्या भरून नेत आले. टेकडीला असे घाव पडले की पहिल्या दोन पावसांत आतले काहीबाही उघडे पडते.

अण्णा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. मृग बरसून गेला की दुसऱ्या दिवशी पहाटे ते धोतराचा सोगा खोचून पांढरीवर चक्कर मारीत आणि वर आलेले मणी व नाणी वेचून आणीत. त्यांनी कुदळ कधी हातात घेतली नाही, हे मी अभिमानाने नव्हे तर माहिती म्हणून सांगते, कारण पुढे कागदपत्रांच्या वेळी तो प्रश्न मला तीन वेळा विचारण्यात आला. काही नाणी मात्र त्यांनी तालुक्याच्या बाजारात तांबटाकडून मोडीच्या भावाने घेतली होती. घमेल्यातून भट्टीकडे निघालेली नाणी आपण वाचवली, असे ते म्हणत. ते खरेही होते, पण त्या नाण्यांपुढे लिहायला आमच्याकडे ‘तांबटाकडून’ या एका शब्दापलीकडे काही नाही.

मी बँकेत एकतीस वर्षे खतावण्या सांभाळल्या. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा अण्णांना जाऊन वर्ष झाले होते आणि माडीवरचे कपाट कोणी उघडले नव्हते. त्यात सुपारीच्या डब्या, काडेपेट्या, औषधांच्या बाटल्या आणि सागवानी खणांची एक पेटी होती. बऱ्याच डब्यांत अण्णांच्या हातची चिठ्ठी होती. दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या कागदावर, टाकाने, मुलांना कित्ता घालून द्यावा तशा अक्षरात त्यांनी लिहिलेले असे: ‘ओढ्याच्या अलीकडे, जोडचिंचेपासून बारा पावले, पाऊस उतरल्यावर. मणी ३, बांगडी तुकडा १.’ काहींत नुसती तारीख होती आणि काहींत काहीच नव्हते.

येथे मी पहिली चूक केली, आणि ती सर्वांत मोठी होती. तांब्याची चाळीस-पन्नास नाणी हिरवी-काळी पडलेली होती. पाहुण्यांना दाखवायची तर ती उजळलेली बरी, असे वाटून मी देवाची उपकरणी घासतात तशी चिंचेच्या कोळाने त्यांतली अकरा नाणी घासली. ती सुरेख तांबूस निघाली. पुढे एका निवृत्त पुरातत्त्वज्ञांनी भिंगाखाली ती पाहिली आणि बराच वेळ काहीच न बोलता दुसरे एक न घासलेले नाणे माझ्या हातात दिले. त्या नाण्यावर सोंड उचललेला हत्ती होता आणि त्याच्यावरच्या ब्राह्मी अक्षरांचे माथे हिरव्या थरातच स्पष्ट उमटलेले होते. तो थर म्हणजे मळ नव्हे. दोन हजार वर्षांत धातूचा वरचा भाग बदलून तो झालेला असतो, आणि अक्षर बहुधा त्याच थरात जिवंत असते. माझ्या अकरा नाण्यांवर हत्तीची पाठ तेवढी उरली होती. चिंचेतल्या आम्लाने थराबरोबर अक्षरेही नेली.

दुसरे नुकसान आम्ही कोणी हात न लावताही होत होते. सातवाहनांची नाणी तांब्याची आणि चांदीची आहेत तशी शिशाचीही आहेत, आणि तांबे, कथील व शिसे मिसळून केलेल्या पोटीन या धातूचीही आहेत. सागवानी खणांत अण्णांनी नेमकी शिशाची नाणी ठेवली होती, कारण ती सर्वांत जड आणि त्यांच्या लेखी सर्वांत मोलाची. लाकडातून, विशेषतः बंद खणात, अतिशय मंद गतीने आम्लाची वाफ सुटत असते आणि शिसे ती सोसत नाही. खण उघडला तेव्हा नऊ नाण्यांभोवती तांदळाच्या पिठासारखी पांढरी भुकटी पडलेली होती. मी ती फुंकरणार होते. ती विषारी असते हे मला नंतर कळले. त्यांतली चार नाणी आता केवळ गोल वजने आहेत.

त्या पुरातत्त्वज्ञांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की, यापुढे काहीही घासायचे, धुवायचे किंवा चिकटवायचे नाही. दुसरी अशी की, काचेची कपाटे, दिवे, रंगरंगोटी हे सारे नंतर, आधी नोंदवही. “तुम्ही तर बँकेतल्या,” ते म्हणाले, “तुम्हाला वही म्हणजे काय हे समजावून सांगायला नको.”

मी तालुक्याच्या स्टेशनरी दुकानातून शाळांसाठी मिळते ते डेडस्टॉक रजिस्टर आणले. कापडी पाठीचे, पाने क्रमांकित, दोनशे पानी. त्यात ‘निर्लेखित केल्याचा दिनांक’ असा एक रकाना छापलेला असतो. मोडकी बाके आणि फुटके फळे कमी करायला तो लागतो. संग्रहालयाच्या वहीत त्याचे काम नाही. मी तो रकाना लाल शाईने आडवा खोडून तेथे ‘मिळाल्याची जागा’ असे लिहिले, आणि आमच्या सबंध उपद्व्यापाचे सार त्या एका रकान्यात होते असे आज म्हणता येईल.

नोंद करण्याची रीत सोपी पण चिकाटीची आहे. प्रत्येक वस्तूला वर्ष आणि अनुक्रम मिळून एक क्रमांक द्यायचा, जो पुन्हा कधीही दुसऱ्या वस्तूला द्यायचा नाही. मग वस्तूचे नाव, द्रव्य, मिलिमीटरमध्ये मापे, ग्रॅममध्ये वजन, मोडतोड, कशी मिळाली, कोठे मिळाली. खापरावर किंवा मूर्तीवर क्रमांक घालताना आधी न दिसेल अशा जागी अॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या पारदर्शक अॅक्रिलिक रेझिनचा नखाएवढा पट्टा द्यायचा, तो सुकल्यावर त्यावर काळ्या शाईने बारीक अंक काढायचे आणि वर पुन्हा एक हात द्यायचा. म्हणजे उद्या क्रमांक काढावा लागला तरी शाई वस्तूत मुरलेली नसते. नाण्यांवर आणि मण्यांवर काही लिहायचे नाही. त्यांच्या पाकिटावर क्रमांक, पाकीट आम्लरहित कागदाचे. दिवसाला वीस नोंदी झाल्या की डोळे थकत. भाचा छायाचित्रे काढी आणि मी वजन करी. सोनाराकडच्या काट्यासारखा लहान वजनकाटा आम्ही त्यासाठी विकत घेतला.

खरे काम ‘जागे’चे होते. अण्णांच्या चिठ्ठ्यांतली जोडचिंच केव्हाच पडली होती. ‘गढीच्या मागचा उकिरडा’, ‘महारुद्राच्या वाटेवरचा बांध’, ‘सर्व्हे नंबर ४७ चा वरचा कोपरा’ अशा खुणा चाळीस वर्षांपूर्वी गावातल्या पोराला कळल्या असत्या, पण मधल्या काळात शेतांचे एकत्रीकरण होऊन सर्व्हे नंबर गेले आणि गट नंबर आले. मी भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत घेतली, जुने-नवे नंबर दाखवणारे पत्रक मिळवले, आणि भाच्याला घेऊन चिठ्ठीगणिक शेते फिरले. पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांनी जेवढे सांगितले तेवढे कोणत्याही कार्यालयाने सांगितले नाही. जोडचिंचेच्या जागेबद्दल तिघांची तीन मते होती आणि त्यांतली दोन एकाच बांधावर जुळली, तेव्हा आम्ही ती मान्य केली. शेवटी ६४३ वस्तूंची जागा गटापर्यंत सांगता आली, ३१९ वस्तूंची गावापुरती, आणि २२४ वस्तूंपुढे ‘अज्ञात’ लिहावे लागले.

असे का करायचे, हे मला स्वतःला पटायला वेळ लागला. नाणे ते नाणे. कोणत्या बांधावर मिळाले याला काय महत्त्व? पण नकाशावर टाचण्या टोचल्यावर दिसले की शंखाच्या बांगड्यांचे तुकडे सगळ्या पांढरीवर पसरलेले नाहीत. ते ओढ्याच्या बाजूला, दोनच गटांत, दाटीने आहेत, आणि त्यांत पूर्ण घडवलेल्या बांगड्यांपेक्षा कापून टाकलेले शंखाचे तुकडे जास्त आहेत. म्हणजे तेथे बांगड्या नुसत्या वापरल्या जात नव्हत्या, केल्या जात होत्या. समुद्र इथून शेकडो मैल. ही गोष्ट एकही तुकडा एकट्याने सांगू शकला नसता. अण्णांना ती ठाऊक होती की नाही, हे मला कधीच कळणार नाही. पण त्यांच्या चिठ्ठ्यांनी ती सांगितली.

त्या २२४ अज्ञात वस्तूंतल्या १०८ वस्तू आमच्या देवघरात होत्या. तांबड्या अकीकाचे सुटे मणी घरभर सांडतात, नातवंडे तोंडात घालतात, म्हणून आईने फार पूर्वी निरनिराळ्या डब्यांतले चांगले चांगले मणी निवडून त्यांची जपमाळ ओवली होती. १०८ झाल्यावर ती थांबली. चिठ्ठ्यांचे तिने काय केले, हे तिला आठवत नाही. मी थोडी चिडलेच. ती शांतपणे म्हणाली, “अगं, डबीत पडून काय करणार होते ते? माझ्या हातून निदान नाव तरी घेतलं गेलं.” दोन हजार वर्षांपूर्वी कोणी तरी भोके पाडून ठेवलेल्या त्या मण्यांवर ती रोज सकाळी जप करीत आली होती, आणि दोऱ्याच्या घासण्याने भोकांच्या कडा गुळगुळीत झालेल्या दिसत होत्या. माळ तोडून मणी वेगळे करावेत असे काहींचे मत पडले. आम्ही ती तोडली नाही. नवी तुळशीची माळ आणून देण्याच्या अटीवर आईने ती दिली; वहीत तिला एक क्रमांक आणि १०८ उपक्रमांक आहेत, आणि जागेच्या रकान्यात मी ‘मूळ जागा अज्ञात; संग्रहापूर्वी देवघर’ असे लिहिले आहे.

कायद्याचा भाग कंटाळवाणा असला तरी टाळता येत नाही. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम १९७२ चा. तो अमलात आला ५ एप्रिल १९७६ पासून. शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुरावस्तू. ती घरात ठेवणे हा गुन्हा नाही, पण दगडाची, भाजक्या मातीची, धातूची, हस्तिदंताची शिल्पे, तसेच चित्रे आणि सचित्र हस्तलिखिते नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागतात. परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. नाण्यांना आणि मण्यांना नोंदणीची सक्ती नाही. याखेरीज १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे, ज्यानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. दहा रुपये हा आकडा वाचून पारावर हशा पिकला, पण कायदा तोच आहे.

आमच्या ५७ मूर्तींचे अर्ज पहिल्यांदा परत आले, कारण छायाचित्रांत मोजपट्टी नव्हती आणि पाठीची बाजू घेतलेली नव्हती. दुसऱ्यांदा एका अर्जात वस्तूची उंची वहीत एक आणि अर्जात दुसरी निघाली. हा दोष सर्वस्वी माझा होता आणि बँकेतल्या माणसाला तो शोभणारा नव्हता. तिसऱ्यांदा अधिकारी स्वतः येऊन पाहून गेले. पांढऱ्या केओलीन मातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या, आतून पोकळ अशा लहान मूर्ती त्यांनी बराच वेळ निरखल्या. या तऱ्हेच्या मूर्ती तेरला पुष्कळ मिळाल्या आहेत. संस्थेची नोंदणी धर्मादाय कार्यालयात झाली. त्याबद्दल सांगण्यासारखे एवढेच की विश्वस्त म्हणून नातेवाइकांपेक्षा बाहेरचे दोघे जास्त घ्यावेत.

मांडणी करण्याआधी मी दोन ठिकाणे मुद्दाम पुन्हा पाहिली. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या पांढरीवरून जमवलेल्या खासगी संग्रहातून आजचे शासकीय संग्रहालय उभे राहिले. तेथली हस्तिदंताची स्त्रीमूर्ती पाहताना इटलीतल्या पाँपेईच्या राखेत १९३८ साली मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीची आठवण होते. तसेच काम भोकरदनलाही मिळाले आहे. पुण्यात दिनकर गंगाधर केळकरांनी लहान वयात गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने उभारलेले संग्रहालय आहे. वीस हजारांवर वस्तूंचा तो संग्रह त्यांनी राज्य शासनाच्या स्वाधीन केला. केळकरांकडे दिवे, अडकित्ते, वज्र्या यांचा थाट आहे आणि तो मन हरखून टाकतो. आम्हाला मात्र मार्ग तेरचा घ्यायचा होता, म्हणजे एका मातीतून निघालेल्या वस्तू त्याच मातीवर ठेवायच्या.

कपाटे सुताराने प्लायवूडची करून दिली असती तर निम्म्या खर्चात झाली असती. शिशाच्या नाण्यांनी शिकवले होते, म्हणून आम्ही लोखंडी सांगाडा, भट्टीत भाजलेला रंग आणि काच घेतली. तांब्याच्या नाण्यांच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या आहेत. त्यांचा निळा रंग गुलाबी झाला की त्या काढून तापवून परत ठेवायच्या. पावसाळ्यात हे दर आठवड्याचे काम आहे, कारण हवेत ओल वाढली की काही नाण्यांवर फिकट हिरवे, बोटाला लागणारे ठिपके उठतात आणि ते वेळेत पाहिले नाहीत तर नाणे पोखरले जाते.

पाट्या लिहिणे मला सर्वांत अवघड गेले. ‘सातवाहनकालीन’ हा शब्द सगळीकडे ठोकून देण्याचा मोह होतो. पुरातत्त्वज्ञांनी वही घेऊन ओळीने तपासणी केली आणि एकूण २३ वस्तू फार तर शे-दीडशे वर्षांच्या ठरवल्या. अण्णांनी कापसात गुंडाळून ठेवलेला, चिठ्ठीवर ‘रोमन?’ असे लिहिलेला गुळगुळीत पांढरा तुकडा विजेच्या खांबावरच्या चिनी मातीच्या वाटीचा निघाला. मला हसू आले आणि वाईटही वाटले. अण्णांनी प्रश्नचिन्ह घातले होते, हे मात्र मी सर्वांना दाखवते. तो तुकडा त्याच्या खऱ्या नावाने वहीत आहे.

दोन खोल्या उघडल्या त्या दिवशी भाषणे झाली, नारळ फुटला, शाळेतली मुले ओळीने येऊन गेली आणि सर्वांत जास्त गर्दी अधू शिंगाच्या बैलापुढे झाली. संध्याकाळी सगळे पांगल्यावर काठी टेकीत एक म्हातारबा आले. ते अण्णांच्या हाताखाली शिकलेले. शंखाच्या तुकड्यांपुढे उभे राहून त्यांनी पाटी मला वाचायला लावली, नकाशावरची टाचणी पाहिली आणि मान हलवली.

“ताई, हे चुकलंय. जोडचिंच आताच्या ओढ्याच्या अलीकडं नव्हती. पुराच्या साली ओढा वळला. आधी तो चिंचंच्या पल्याड व्हता, आता अल्याड हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे, ते, भाचा आणि मी, ओढ्यापर्यंत गेलो. जुन्या पात्राचा खोलगट पट्टा शेतात अजून दिसतो. तेथली ज्वारी बाजूच्या ज्वारीपेक्षा वितभर उंच होती. त्याच्या काठावर जमिनीत चिंचेचा कुजका बुंधा निघाला आणि त्याच्याला चिकटून दुसरा. तेथून बारा पावले मोजली तर गट बदलत होता. घरी येऊन मी वहीतल्या सदतीस नोंदी काढल्या, जुना गट नंबर वाचता येईल असा एका रेघेने खोडला, वर नवा लिहिला, समासात तारीख घातली आणि सही केली. म्हातारबांनी साक्षीदार म्हणून अंगठा न देता, अण्णांनी शिकवलेल्या अक्षरात आपले नाव लिहिले.